एका फाइलची अनेक नावे : छोट्या फाइल-सर्व्हरमधील प्रवेश-नियंत्रणाच्या उणिवा

प्रास्ताविक

अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळेत एखादा जुना संगणक कोपऱ्यात सतत चालू असतो. त्यावर फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी एक छोटा सर्व्हर बसवलेला असतो. टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकांच्या फाइली विद्यार्थी तेथून उतरवून घेतात. पेन ड्राइव्हची ने-आण वाचते, व्हायरसचा उपद्रवही कमी होतो. व्यवस्था सोयीची आहे यात शंका नाही. पुढे कोणीतरी त्याच संगणकावर आणखी एक फोल्डर तयार करतो. त्यात अंतर्गत गुणांच्या याद्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांना जोडलेले उत्पन्नाचे व जातीचे दाखले आणि विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांचे क्रमांक येतात. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदाही कधीकधी तेथेच ठेवला जातो. या फोल्डरला पासवर्ड लावला की आपण निश्चिंत होतो.

ही निश्चिंती कितपत योग्य आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. पासवर्ड कितीही अवघड असो, तो विचारलाच गेला नाही तर त्याचा उपयोग शून्य. पासवर्ड न फोडता त्याला बगल देऊन फाइलपर्यंत पोहोचता येते, अशा उणिवांना प्रवेश-नियंत्रणाच्या उणिवा म्हणतात. वेब-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणारी ओवास्प ही संस्था सर्वांत गंभीर धोक्यांची यादी प्रसिद्ध करते. २०१७ च्या यादीत हा प्रकार पाचव्या क्रमांकावर होता. २०२१ च्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आला.

सर्व्हर नेमके काय करतो?

विद्यार्थी ब्राउझरमध्ये एक पत्ता लिहितो. सर्व्हर त्या पत्त्यातून फोल्डरचे व फाइलचे नाव वेगळे काढतो. त्या नावावर काही निर्बंध आहे काय, हे आपल्या नियमांच्या यादीत पाहतो. निर्बंध नसेल तर ते नाव संगणकाच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सकडे, सोपवतो. कार्यप्रणाली डिस्कवरील फाइल उघडून देते आणि सर्व्हर ती विद्यार्थ्याकडे पाठवतो.

या क्रमात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तपासणी करणारा एक आहे आणि फाइल उघडणारा दुसरा. सर्व्हर नाव तपासतो, तर कार्यप्रणाली वस्तू उघडते. दोघांनी त्या नावाचा एकच अर्थ लावला तर व्यवस्था सुरक्षित राहते. दोघांचे अर्थ वेगळे झाले की मध्ये फट पडते.

हे समजण्यासाठी आपल्या कार्यालयातीलच उदाहरण घेऊ. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘अब्दुल रहीम’, आधार कार्डावर ‘अब्दुर्रहीम’ आणि बँकेच्या पासबुकावर ‘अब्दुल रहिम’ असे लिहिलेले असते. विद्यार्थी एकच, पण अक्षरे जुळत नाहीत म्हणून त्याची शिष्यवृत्ती अडकते. आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. ग्रंथालयाच्या थकबाकीदारांच्या यादीत पहिले नाव आहे आणि विद्यार्थी दुसऱ्या नावाच्या ओळखपत्रावर पुस्तक मागतो. लेखनिक यादीशी अक्षरे ताडून पाहतो, नाव सापडत नाही आणि तो पुस्तक देतो. त्याने नोंदणी क्रमांक पाहिला असता तर हा प्रकार घडला नसता. फाइल-सर्व्हरच्या बहुतेक उणिवा या लेखनिकाच्या चुकीसारख्याच आहेत.

पहिला प्रकार : दुसरे नाव

विंडोजमध्ये फाइलला लांब नाव देता येऊ लागले, तेव्हा जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून प्रत्येक लांब नावाच्या जोडीला एक आखूड नावही ठेवले जाई. आठ अक्षरे, टिंब आणि पुढे तीन अक्षरे, असा त्याचा साचा होता. विंडोजवर चालणारे काही वेब-सर्व्हर निर्बंध तपासताना फक्त लांब नाव पाहत. आखूड नावाने फाइल मागितली की निर्बंध लागू होत नसे. मात्र विंडोज तीच फाइल उघडून देई. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट समन्वय केंद्राने १९९८ साली याविषयी धोक्याची सूचना प्रसिद्ध केली.

२००१ साली हीच चूक वेगळ्या रूपात आढळली. त्या काळच्या मॅक संगणकावरील फाइल-व्यवस्था इंग्रजीतील मोठ्या व लहान लिपीत भेद करीत नव्हती. पण त्यावर चालणारा अपाची वेब-सर्व्हर आपले नियम लावताना भेद करीत होता. संरक्षित फोल्डरच्या नावातील एखादे लहान अक्षर मोठे केले की अपाचीच्या दृष्टीने ते वेगळे फोल्डर ठरे, आणि संगणकाच्या दृष्टीने तेच राही. येथेही पासवर्ड फोडावा लागला नाही.

दुसरा प्रकार : आधी तपासणी, मग उलगडा

वेब-पत्त्यात काही चिन्हे सांकेतिक रूपात लिहिता येतात. उदाहरणार्थ, मोकळ्या जागेऐवजी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे २० हा अंक लिहिला जातो. सर्व्हरला असे संकेत आधी उलगडावे लागतात. तसेच फोल्डरच्या मार्गात दोन टिंबे आणि तिरकी रेघ, म्हणजे ‘../’, याचा अर्थ ‘एक पायरी वर जा’ असा होतो. ही खूण वारंवार वापरून कोणीही देवाणघेवाणीच्या फोल्डरबाहेर पडू शकेल, म्हणून प्रत्येक सर्व्हर ती अडवतो. प्रश्न इतकाच की तो ती केव्हा शोधतो : संकेत उलगडण्यापूर्वी की नंतर?

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमध्ये ही गफलत होती. तिरकी रेघ एका विशिष्ट, नियमबाह्य सांकेतिक रूपात लिहिली तर तपासणीच्या वेळी ती ओळखली जात नसे. नंतर उलगडा झाला की ती खरी तिरकी रेघ होई. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००० मध्ये याची सूचना काढली. विशेष म्हणजे त्यावरील दुरुस्ती त्या आधी, ऑगस्टमध्येच, दुसऱ्या एका दोषाच्या निमित्ताने उपलब्ध झाली होती. तरीही सप्टेंबर २००१ मध्ये निमडा नावाचा वर्म जगभर पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या अनेक वाटांपैकी ही एक होती. एक वर्षाहून अधिक काळ हाताशी असलेली दुरुस्ती असंख्य सर्व्हरांवर बसवलीच गेली नव्हती.

हा धडा जुना झाला असे कोणी म्हणेल. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत मार्ग तपासण्याची पद्धत बदलली आणि टिंबाचे सांकेतिक रूप त्यातून निसटू लागले. ४ ऑक्टोबर रोजी २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती आली. पण तीच खूण दोनदा सांकेतिक केली तर तीही निसटत होती, म्हणून तीन दिवसांनी २.४.५१ काढावी लागली. जगातील अनुभवी प्रोग्रामरांच्या हातूनही जे सुटते, ते एखाद्या हौशी प्रोग्रामरने लिहिलेल्या छोट्या सर्व्हरमध्ये सुटणार नाही, असे मानणे धाडसाचे ठरेल.

मात्र याच घटनेत एक दिलाशाची बाबही आहे. ज्या व्यवस्थापकांनी ‘संपूर्ण डिस्क बंद, फक्त हे एक फोल्डर खुले’ हा नियम कायम ठेवला होता, त्यांच्याकडे फोल्डरबाहेरच्या फाइली या मार्गाने मिळत नव्हत्या. पहिला पहारेकरी फसला, तरी दुसऱ्याने अडवले.

तिसरा प्रकार : पहारेकरीच नाही

काही वेळा नावाची हेराफेरीही करावी लागत नाही. फाइलींची यादी दाखवणाऱ्या पानाला पासवर्ड असतो, पण प्रत्यक्ष फाइलच्या पत्त्याला नसतो. ज्याला पत्ता ठाऊक आहे किंवा ज्याला त्याचा अंदाज बांधता येतो, त्याच्यासाठी दार उघडेच असते. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मालमत्ता-विमा कंपनीच्या संकेतस्थळावर असेच घडले. मे २०१९ मध्ये उघड झाले की कागदपत्राच्या पत्त्यातील क्रमांक बदलला की दुसऱ्या ग्राहकाचे कागदपत्र दिसत होते. २००३ पासूनची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे अशी उघडी होती. त्यांत बँक खात्यांचे तपशील होते.

आपल्याकडील गुणपत्रिकांच्या फाइलींना आपण बहुधा आसनक्रमांकाचेच नाव देतो. ज्याचा क्रमांक ११२ आहे, त्याला ११३ चा अंदाज बांधण्यास विशेष बुद्धी लागत नाही.

याच प्रकारातील आणखी एक फसवी स्थिती अशी की नियम लिहिलेला असतो, पण तो वाचणारा कोणी नसतो. अपाचीमध्ये फोल्डरमध्येच एक छोटी नियम-फाइल ठेवून निर्बंध घालता येतात. परंतु २०१० पासून, २.३.९ या आवृत्तीनंतर, अशा फाइलींकडे दुर्लक्ष करणे हीच सर्व्हरची मूळ वृत्ती ठरवण्यात आली. त्या वाचाव्यात असे मुद्दाम सांगावे लागते. हा बदल लक्षात न आल्याने फाइल चढवण्याचे एक अतिशय लोकप्रिय साधन अनेक वर्षे असुरक्षित राहिले आणि २०१८ मध्ये ती बाब उजेडात आली. फोल्डरवर पाटी लावली म्हणजे संरक्षण झाले, असे नव्हे.

जुने तत्त्व

या साऱ्या घटनांचा इलाज १९७५ सालीच सांगितला गेला होता. एमआयटीमधील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात आठ तत्त्वे मांडली. त्यांपैकी दोन आपल्या कामाची आहेत. प्रत्येक वस्तूच्या प्रत्येक वापराच्या वेळी परवानगी तपासली जावी, हे एक. परवानगी स्पष्ट दिलेली नसेल तर उत्तर ‘नाही’ असेच असावे, हे दुसरे. ‘कोणाला अडवायचे’ याची यादी कधीच पुरी होत नाही, कारण वस्तूची नावे अनेक असतात. ‘कोणाला सोडायचे’ याची यादी मात्र छोटी असते व ती पुरी करता येते.

अध्यापकांनी काय करावे?

पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की गोपनीय फाइली सार्वजनिक फाइलींच्या सर्व्हरवर ठेवूच नयेत. जी वस्तू त्या संगणकावर नाही, ती त्यातून गळू शकत नाही.

ठेवणे अपरिहार्यच असेल तर सर्व्हरचा प्रोग्राम प्रशासकाच्या खात्यावर न चालवता एका स्वतंत्र, मर्यादित खात्यावर चालवावा आणि गोपनीय फोल्डर वाचण्याची परवानगी कार्यप्रणालीतूनच त्या खात्याला नाकारावी. मग फाइल कोणत्याही नावाने मागितली तरी विंडोज किंवा लिनक्स नकार देते. येथे तपासणी नावाची न होता वस्तूची होते. ग्रंथालयातील लेखनिकाने नोंदणी क्रमांक पाहावा तशी.

तिसरी गोष्ट आवृत्तीची. रेजेट्टो एचएफएस हा सुटसुटीत फाइल-सर्व्हर विंडोजवर बराच काळ लोकप्रिय होता. त्याच्या जुन्या २.३ मालिकेची देखभाल बंद झाली आहे. २०२४ मध्ये तीत असा दोष जाहीर झाला की पासवर्ड नसलेला बाहेरचा मनुष्यही त्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवू शकतो. एवढे झाल्यावर फोल्डरच्या पासवर्डाची चर्चाच उरत नाही. देखभाल बंद झालेला प्रोग्राम कितीही सवयीचा असला तरी काढून टाकावा.

चौथी गोष्ट, स्वतः पडताळून पाहावे. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन आपल्याच सर्व्हरवर पुढील चाचण्या करता येतात :

१. संरक्षित फाइलचा पूर्ण पत्ता लिहून घ्यावा, सर्व्हरमधून बाहेर पडावे आणि दुसऱ्या संगणकावरून तोच पत्ता उघडावा.

२. फोल्डरच्या नावातील एका इंग्रजी अक्षराची लिपी बदलून पाहावी.

३. नावाच्या शेवटी एक टिंब वाढवून पाहावे. विंडोज असे शेवटचे टिंब सामान्यतः गाळून टाकते.

४. एका विद्यार्थ्याच्या खात्यातून शिरून पत्त्यातील क्रमांक दुसऱ्याचा करून पाहावा.

यांपैकी एकाही चाचणीत फाइल उघडली तर सर्व्हर ताबडतोब बंद करावा, त्याच्या नोंदवहीच्या फाइली जपून ठेवाव्यात आणि कोणत्या फाइली कोणी नेल्या ते तपासावे.

या चाचण्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर मात्र कदापि करू नयेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व ६६ या कलमांनुसार परवानगीविना प्रवेश हा दंडनीय ठरू शकतो. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना ही मर्यादा आधी सांगावी. त्याचबरोबर, ज्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील उणीव प्रामाणिकपणे निदर्शनास आणून दिली, त्याला गुन्हेगारासारखे वागवू नये. त्याला गप्प बसवले तर पुढची उणीव आपल्याला सांगण्यास कोणी येणार नाही.

समारोप

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणाचे वाजवी उपाय योजावेत, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. पण कायदा नसता तरीही हे कर्तव्य उरलेच असते. शिष्यवृत्तीच्या आशेने विद्यार्थी घरच्या उत्पन्नाचा दाखला आपल्या हाती देतो, तेव्हा ती आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. ती कुलपात ठेवली एवढे पुरेसे नाही. त्या खोलीला आणखी किती दारे आहेत, हे आपण एकदा स्वतः फिरून पाहिले पाहिजे.