पायावरची आंघोळ

पुण्यात बारा जणांची टीम सांभाळते मी. क्लायंट, डेडलाइन, अप्रेझल, कशालाच घाबरत नाही. पण माहेरच्या न्हाणीघरात तीन किलोची लेक हातात आली आणि माझे हात लटपटले. साबण लागलेलं बाळ म्हणजे नुसता मासा!

माझं माहेर अल्लीपूर, हिंगणघाट तालुका. बाळंतपणाला येताना मी ऑनलाइन मागवलेला टब आणि पाण्याचा थर्मामीटर घेऊन आले. नाळ पडेपर्यंत लेकीला नुसतं ओल्या फडक्यानं पुसत होतो. बाराव्या दिवशी पहिली आंघोळ. आजीनं टब कोपऱ्यात सारला, पाटावर बसून पाय लांब केले आणि लेकीला घेतलं. खरं सांगू? ती पकड बघून मी गारच! दोन पायांच्या मधे बाळ नीट बसतं, एक हात कायम त्याच्यावर, पाणी वाहून जातं. टबातलं दोन-चार इंच पाणीसुद्धा तान्ह्या बाळाला बुडवू शकतं.

भांडण झालं ते पाण्यावरून. आजी आधी बंबातलं कढत पाणी ओतायची, मग विसण. मी उलटं करायला लावलं: आधी गार, वर गरम, तेही बाळ पायावर घेण्याआधी. थर्मामीटरनं ३७ दाखवले. आजीनं कोपर बुडवलं. ‘‘बरोबर हाये. बोटाले काय समजते?’’

पण जानेवारीतली सकाळ, तेल, डाळीचं पीठ, अर्धा तास! लेकीचे पाय गार पडले. वर ओव्याची धुरी. ती खोकायला लागली आणि मी रडायला.

चौदाव्या दिवशी आशाताई आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणं हे तिचं कामच. घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायची ही वाट गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून दाखवली होती. ताईनं नाका-कानातलं तेल बंद केलं, धुरी बंद, काजळ बंद. आंघोळ दुपारी, दार लावून, पाच मिनिटांत. डोकं शेवटी धुवायचं, पुसायचं मात्र आधी. मग लगेच आईच्या छातीशी. नातीचं न ऐकणारी आजी ताईचं मुकाट्यानं ऐकत होती!

आता पुण्याच्या बाथरूममध्ये पाट आलाय. लेक नवऱ्याच्या पायांवर जास्त छान बसते, त्याचे पाय लांब आहेत ना. टबात दुपटी भिजतात.