होकायंत्राला भुलवणारा काळा दगड

भंडारदऱ्याला मुक्कामी गेलात की रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात ताठ पुढे करा, मूठ वळा आणि डोळ्यांच्या पातळीपासून वर एकावर एक दोन मुठी मोजा. तिथेच कुठेतरी ध्रुवतारा मिणमिणत असेल. अशी एक मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते. (हात आखूड असला, तर मूठही छोटी असते, म्हणून उत्तर तेच येतं!) दोन मुठी म्हणजे २० अंश, आणि भंडारदऱ्याचा अक्षांश आहे साडेएकोणीस. ध्रुवतारा जितके अंश वर, तितका आपला अक्षांश!

दर्यावर्दी लोकांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक. अरब खलाशी त्यासाठी एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी वापरत. त्या साधनाचं नाव ‘कमाल’.

अशाच मोजमापांचं वेड असलेला एक पोर्तुगीज १५३८ साली लिस्बनहून गोव्याला आला, जुआंव द कास्त्रू. आला होता लढायलाच, पण त्याचं सारं लक्ष होकायंत्राच्या सुईकडे, सावलीकडे आणि पाण्याच्या खोलीकडे. गोव्याहून दीवला जाताना त्यानं आपला अख्खा किनारा लिहून काढला. कुठल्या खाडीच्या तोंडाशी किती वाव पाणी, तळाला चिखल की खडक, भरती कधी येते, सगळं त्यात आहे. बंदरांची चित्रंसुद्धा काढली. वाटेत घारापुरी आणि कान्हेरीची लेणी पाहून त्यांचंही वर्णन केलं. जहाज हाकणाऱ्यांसाठीच्या अशा वाटाड्या वह्यांना पोर्तुगीज ‘रोतेइरू’ म्हणत.

कास्त्रूला एक कोडं सोडवायचं होतं. होकायंत्राची सुई अगदी खऱ्या उत्तरेकडे का बरं थांबत नाही? पण आधी खरी उत्तर सापडायला हवी! ती देते सावली. सपाट जमिनीवर एक काठी सरळ उभी रोवा. सकाळी सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढा. सावली आखडत जाईल, दुपारनंतर पुन्हा लांबेल आणि दुसऱ्या बाजूला वर्तुळाला टेकेल. तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मधून काठीपर्यंत ओढलेली रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. आपले जुने ज्योतिषी हेच शंकू म्हणजे अशीच काठी रोवून करत. कास्त्रूच्या यंत्रातही चकतीच्या मधोमध एक छोटी काडी होती. डुलत्या जहाजावर त्यानं हे मोजमाप चाळीसहून जास्त वेळा केलं! मला त्याची ही चिकाटी फार आवडते.

आणि मग वसईजवळ सुई भलतीकडेच वळली. कास्त्रूनं विचार केला आणि बोट ठेवलं थेट तिथल्या खडकांवर. तो बरोबर होता. खडकांमुळे होकायंत्राची सुई ढळल्याची ही जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली!

हा खडक म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण होते. लाव्हा थंड होताना त्या कणांमध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या वेळची दिशा कायमची कोरली गेली. गंमत म्हणजे तेव्हा ते चुंबकत्व बराच काळ उलटं होतं, म्हणजे आजची सुई तेव्हा दक्षिणेकडे वळली असती! डोंगरमाथ्यावर वीज पडली तर तिथला दगड आणखी जोरदार चुंबक होतो.

वसई आणि भंडारदरा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि भंडारदऱ्याजवळचं १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखरही याच काळ्या पाषाणाचं. म्हणून पुढच्या सहलीला साधं होकायंत्र न्याच. आपल्याकडे सुई आणि खरी उत्तर यांत आज एका अंशाचासुद्धा फरक नाही. मोबाईल, चाव्या, लोखंडी रेलिंग दूर ठेवून होकायंत्र हळूहळू कातळाजवळ न्या. सुई दहा-पंधरा अंश हलली, तर समजा दगडानं खेचली. मग तारीख, जागा आणि अंश वहीत नक्की लिहा.