सही जुळत नाही तेव्हा…

पाटोद्याला बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला पेन्शन न्यायला येत. अक्षर मोत्यासारखे. एकदा त्यांची सही नमुन्याशी जुळेना. पुढच्या महिन्यात ते पैसे घेऊन गेले आणि तासाभराने पुन्हा खिडकीशी उभे! ‘साहेब, पेन्शन आली का हो?’ रांग हसली, मीही हसलो. म्हातारचळ म्हणून आम्ही विषय मिटवला.

हा चळ नव्हे, आजार असू शकतो, हे मला फार उशिरा कळले. जर्मनीतल्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे वर्णन केले; औषध यायला मात्र पुढे सत्त्याऐंशी वर्षे लागली. १९९३ साली अमेरिकेत मान्य झालेले टॅक्रिन यकृताला बाधू लागल्याने मागे पडले. १९९६ साली डोनेपेझिल आले, ते आजही दिले जाते. मेंदूतल्या पेशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप धाडतात. ते रसायन लवकर मोडू नये, एवढेच काम ही गोळी करते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल घटतच राहते. खर्च तेवढा काही काळ आवरतो. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही. मळमळ, जुलाब होतात, नाडी मंदावू शकते. आजार वाढल्यावर मेमँटिन देतात.

अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना पूर्ण मान्यता मिळाली. ती मेंदूत साचलेले अमायलॉइड काढतात; पण केवळ सुरुवातीच्या अवस्थेत, आणि ऱ्हास थांबत नाही, मंदावतो. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून वारंवार एमआरआय करावा लागतो.

आमच्या भागातला प्रश्न त्याहून साधा आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांतली कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि नातवंडे. रोजची गोळी द्यायची कोणी? विसरण्याचाच आजार असलेला माणूस ती एक तर घेणार नाही, नाही तर दोनदा घेईल. म्हणून गोळीइतकाच गोळी देणारा हातही हवा. शेजारची सून असो की शाळकरी नातू, हे काम कुणाकडे तरी ठरवून सोपवायला हवे.

आणखी एक. थायरॉइड कमी असला किंवा बी-१२ जीवनसत्त्व उणे पडले, तरी माणूस विसरू लागतो, आणि हे विसरणे उपचाराने सुधारू शकते. ते साध्या रक्ततपासणीत कळते.

गुरुजींना कोणता आजार होता, हे आता कधीच कळणार नाही. कारण त्यांना डॉक्टरकडे न्या, असे त्यांच्या मुलाला कोणी सांगितलेच नाही. सही जुळत नाही हे सगळ्यांत आधी ज्याने पाहिले, त्यानेही नाही.