लिनक्सचा कारभार (लेखांक सातवा) : पहिली तक्रार कोणती?

गेल्या लेखांकात आपण पॅकेज-व्यवस्थापकाच्या कारभाराचा विचार केला; परंतु अलीकडे पुष्कळसे सॉफ्टवेअर त्या मार्गाने न येता एखाद्या शेल स्क्रिप्टच्या हातून यंत्रात उतरते, आणि यंत्र सेंटओएस ७ किंवा त्याहूनही जुने असले, तर ती स्क्रिप्ट मध्येच थांबून पडद्यावर तक्रारींची लांबलचक रांग मागे ठेवते. अशा वेळी पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच शेवटच्या ओळीवर जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. अमुक फाईल सापडत नाही असे जी आज्ञा शेवटी सांगते ती स्वतः निर्दोष असते. ती फाईल उतरवून घेण्याचे काम कित्येक ओळी आधीच फसलेले असते, व त्या अपयशाची नोंद वर कोठेतरी, वाचली न गेलेली, पडून असते. म्हणून तपासाचा आरंभ पहिल्या तक्रारीपासून झाला पाहिजे.

याचे कारण शेलच्या मूळ स्वभावात आहे. एक आज्ञा निष्फळ झाली तरी शेल पुढची आज्ञा निमूटपणे अमलात आणतो. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ई’ असे लिहिले तर तो बहुतेक ठिकाणी थांबतो, पण आज्ञा एकमेकींना पाइपने जोडलेल्या असल्या की केवळ शेवटच्या आज्ञेचा निकाल ग्राह्य धरला जातो आणि आधीचीचे अपयश दप्तरी दाखल होत नाही. त्यातून ‘कर्ल’ने आणलेला मजकूर थेट शेलच्या स्वाधीन करण्याची जी प्रथा आज रूढ झाली आहे, ती मला धोक्याची वाटते, कारण ‘-एफ’ हा पर्याय दिलेला नसेल, तर सर्व्हरकडून आलेले ‘४०४’चे पानदेखील कर्ल यशस्वी उत्तर समजून पुढे धाडतो, आणि शेल त्या पानावरील एचटीएमएलच्या खुणांना आज्ञा मानून व्याकरणदोषाची तक्रार करतो, जिचा मूळ प्रश्नाशी काडीचाही संबंध नसतो. स्क्रिप्ट प्रथम फाईलमध्ये उतरवून घ्यावी, वाचावी, आणि मग शेलला ‘-एक्स’ हा पर्याय देऊन चालवावी. म्हणजे प्रत्येक आज्ञा अमलात येण्यापूर्वी पडद्यावर उमटते, आणि पहिले अपयश कोठे झाले याचा निर्विवाद पुरावा हाती येतो.

पुढचा प्रश्न असा, की स्क्रिप्ट वाचणारा शेल कोणता? उबुंटूने ऑक्टोबर २००६ मधील ६.१० या आवृत्तीपासून ‘एसएच’ या नावामागे बॅशच्या जागी डॅश बसविला, आणि डेबियनने २०११ मध्ये तेच केले. रेड हॅटच्या परिवारात मात्र त्या नावामागे बॅशच राहिला. त्यामुळे एका ठिकाणी बिनतक्रार चालणारे दुहेरी चौकोनी कंस दुसरीकडे ‘नॉट फाउंड’ म्हणून नाकारले जातात. सेंटओएस ५ वर तर बॅशच ३.२ आवृत्तीचा आहे, आणि शब्द-निर्देशांकाच्या यादीची सोय बॅशमध्ये २००९ साली, चौथ्या आवृत्तीत आली. सेंटओएस ६ वर ‘ओएस-रिलीज’ ही फाईलच नसल्याने यंत्राची ओळख तिच्यावरून पटविणारी स्क्रिप्ट आरंभीच अडखळते. तेथे ‘रेडहॅट-रिलीज’ पाहावी लागते.

जाळ्यावरून काही आणण्यात विघ्न आले, तर जोडणीला दोष देण्यापूर्वी तारखा पाहाव्यात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स-३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ओपनएसएसएल १.०.२ वापरणाऱ्या यंत्रांनी, नवे मूळ प्रमाणपत्र जवळ असतानाही, मुदत संपलेल्याच साखळीचा हवाला घेऊन निर्दोष संकेतस्थळे नाकारली. उपाय प्रमाणपत्रांचा संच अद्ययावत करण्याचा होता; पडताळणीच बंद करणे हा उपाय नव्हे, कारण अनोळखी स्रोताकडून आलेली स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालविणे म्हणजे सर्वाधिकार परक्याच्या हाती देणे होय. त्याचप्रमाणे ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ ची मुदत संपल्यानंतर त्याच्या आरशांची यादी देणारा पत्ताच नाहीसा झाला. यम ‘होस्ट सापडत नाही’ असे म्हणतो आणि आपण व्यर्थ डीएनएस तपासीत बसतो. वास्तविक भांडाराचा पत्ता ‘व्हॉल्ट’ या जुन्या दप्तरखान्याकडे वळविला की काम होते.

सर्वांत अवघड प्रकरण जीलिबसी या ग्रंथालयाचे. सेंटओएस ७ वर तिची आवृत्ती २.१७ आहे, आणि नोड १८ च्या अधिकृत बांधणीला २.२८ लागते. स्क्रिप्ट येथे सुरळीत पार पडते, फाईली जागच्या जागी बसतात, आणि प्रोग्राम सुरू करताच ‘जीलिबसी २.२८ नॉट फाउंड’ असे उत्तर येते. या क्षणी पुष्कळांना नवी जीलिबसी आणून जुन्या जागी बसविण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. यंत्रावरील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच ग्रंथालयावर उभा असल्याने ही कृती म्हणजे घरात माणसे नांदत असता पाया उकरणे होय. फाईल हलविणारी आज्ञासुद्धा त्यानंतर चालत नाही, आणि चूक सुधारण्याचे साधनच हातातून जाते. ‘एलडीडी’ला आवृत्ती विचारून प्रथम खात्री करावी, आणि त्या आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्राम शोधावा; नोडच्या अनधिकृत बांधण्यांत २.१७ साठीची बांधणी उपलब्ध आहे. अथवा नवी जीलिबसी सोबत आणणारा कंटेनर वापरावा.

कंटेनर मात्र यजमान यंत्राचाच कर्नल वापरतो. सेंटओएस ७ चा ३.१० कर्नल २.२८ ला पुरतो. सेंटओएस ६ चा २.६.३२ पुरत नाही, कारण जीलिबसी २.२६ पासून किमान ३.२ कर्नल आवश्यक झाला, आणि तेथे कंटेनरातील पहिलाच प्रोग्राम ‘कर्नल टू ओल्ड’ असे सांगून थांबतो. अशा यंत्रावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती शोधणे, किंवा ते काम दुसऱ्या यंत्राकडे सोपविणे, एवढेच मार्ग उरतात; या स्थलांतराची रीत पुढील लेखांकात पाहू.