बेचव लिहिणे हा गुन्हा नव्हे
१९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि प्रकरण कोर्टात गेले. मॅजिस्ट्रेटने निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने मात्र लेखकाला २५ रुपये दंड केला. रक्कम किरकोळ, पण शिक्का अश्लीलतेचा! १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला. आक्षेप घेतलेले उतारे आधी वेगळे वाचले, मग अख्ख्या कथेच्या संदर्भात तपासले. एखादाच वाचक चळेल का, हा प्रश्न नव्हता. अंक ज्यांच्या हाती पडतो त्या वर्गाची नीती बिघडेल का, हा होता. गंमत म्हणजे, काही उतारे अपरिपक्व आणि अभिरुचीला सोडून आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि तरीही काकोडकरांना सोडले. २०१४ साली तर ‘अविक सरकार’ खटल्यात १८६८ ची इंग्रजी ‘हिक्लिन’ कसोटीच बाजूला सारून आजच्या समाजाचे मापदंड लावले गेले.