शिक्षणशास्त्र पदवीचे प्रवेश व नोंदणी-नियम

ग्वाल्हेर परिसरातील तरुण-तरुणी बी.एड. करण्याचा विचार मनात आला की पुष्कळदा प्रथम आपल्या पाळकाकडे अथवा धर्मशिक्षकाकडे येतात. कोणाला चारित्र्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, कोणाला केवळ सल्ला. हा सल्ला चुकला तर एका कुटुंबाची दोन वर्षे आणि साठवलेली पुंजी वाया जाते. म्हणून या अभ्यासक्रमाचे नियम येथे काहीशा विस्ताराने मांडीत आहोत.

जिवाजीराव शिंदे यांच्या नावाने 1964 साली स्थापन झालेल्या जिवाजी विद्यापीठाचा कारभार मध्य प्रदेशच्या 1973 च्या विश्वविद्यालय अधिनियमानुसार चालतो. परंतु शिक्षक-प्रशिक्षणाच्या बाबतीत केवळ विद्यापीठाची संलग्नता पुरेशी नाही. 1993 च्या केंद्रीय कायद्याने निर्माण झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एन.सी.टी.ई.ची, मान्यताही आवश्यक आहे. ती काढून घेतल्यानंतर एखादे महाविद्यालय अभ्यासक्रम चालवीत राहिले, तर तेथील पदवी सरकारी अथवा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही, असे त्या कायद्याचे 17 वे कलम सांगते. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेचा आदेश व मंजूर विद्यार्थिसंख्या हे दोन कागद पाहावेत. पन्नास विद्यार्थ्यांचा एक वर्ग, असे परिषदेचे मूळ परिमाण आहे.

परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले व ते पूर्ण करण्यास प्रवेशापासून अधिकाधिक तीन वर्षांची मुदत दिली. पदवी अथवा पदव्युत्तर परीक्षेत किमान 50 टक्के गुण हवेत. अभियांत्रिकीच्या पदवीधरास 55 टक्के. एम.एड.देखील त्याच नियमावलीने दोन वर्षांचे झाले आणि त्यासाठी बी.एड.मध्ये 50 टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत राज्याच्या नियमांप्रमाणे मिळते. येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीचा लाभ घेता येत नाही. अनुसूचित जमातीच्या बाबतीत मात्र धर्माची अट नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म आचरीत असताना केवळ आरक्षणासाठी जातीचा दावा करणे म्हणजे संविधानाशी प्रतारणा होय, असा निर्णय दिला. हा आदेश न्याय्य आहे की नाही हा वाद वेगळा आणि मोठा आहे. पण बाप्तिस्म्याची नोंद एक सांगते आणि प्रवेश-अर्ज दुसरे, अशा अवस्थेत कोणाही विद्यार्थ्यास पाठवू नये.

ईशज्ञानाची पदवी घेतलेल्यांचा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयास 1827 च्या डॅनिश सनदेने व 1918 च्या कायद्याने पदव्या देण्याचा अधिकार आहे. परंतु बी.एड.च्या नियमात विज्ञान, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांची नावे असून पुढे ‘समकक्ष अर्हता’ असे शब्द आहेत. ही समकक्षता प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

प्रवेश आणि नोंदणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. मध्य प्रदेशात प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ऑनलाइन समुपदेशनातून होतो. त्यानंतर विद्यापीठात नामांकन होऊन क्रमांक मिळतो. पुण्यामुंबईहून अथवा अन्य विद्यापीठातून आलेल्याने जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर-प्रमाणपत्र दिल्यावाचून ही नोंदणी पुरी होत नाही, आणि नोंदणीवाचून परीक्षेस बसता येत नाही.

आता उपस्थितीविषयी, कारण खरी अडचण येथेच होते. वर्षाला किमान 200 कामाचे दिवस, त्यांत 80 टक्के उपस्थिती, आणि शाळेतील प्रत्यक्ष अध्यापन-सरावास 90 टक्के. हा सराव दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे, पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा. सहा दिवसांचा आठवडा धरला तर 120 दिवसांत जास्तीत जास्त बारा दिवस गैरहजेरी चालते. दूरच्या खेड्यात सेवा करणाऱ्या धर्मशिक्षकाने हा हिशोब आधी करावा. पवित्र सप्ताह, अधिवेशने, मंडळीतील विवाह व अंत्यविधी यांतच हे बारा दिवस संपतात. अशा वेळी ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेशाची भाषा करणारे मध्यस्थ भेटतात. वर्गात न जाता हजेरी लागेल, असे ते सांगतात. नियमात असा कोणताही प्रवेश नाही. खोट्या हजेरीस आधार म्हणून पाळकाने आजारपणाचे अथवा सेवाकार्याचे पत्र देणे हे तर अगदीच अनुचित.

दूरशिक्षणाने होणारे बी.एड. हा मार्ग आहे, पण अरुंद. तो प्राथमिक शाळेत सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी, अथवा वर्गात बसून मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे. त्यास पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते.

प्राथमिक वर्गांवर शिकवू इच्छिणाऱ्यांनी बी.एड.ऐवजी डी.एल.एड.चा विचार करावा. बी.एड.धारकांस प्राथमिक शिक्षक होऊ देणारी 2018 ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी रद्द ठरविली. एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद सुचविणारा मसुदा परिषदेने 2025 च्या आरंभी प्रसिद्ध केला. मात्र मसुद्याच्या आधारे कोणी प्रवेश देऊ करीत असल्यास अंतिम नियम राजपत्रात आला आहे काय, हे विचारावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी.