मोटारीच्या स्प्रिंगा आणि घरचे कारागीर

वाशीम जिल्ह्यांत हल्लीं दोन जातींचे रस्ते आहेत, आणि एकाच मोटारीला एकाच दिवशीं त्या दोहोंवरून धावावें लागतें. पहिला समृद्धि महामार्ग. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगांव या तालुक्यांतून तो गेला आहे. नागपूर ते शिर्डी या त्याच्या भागाचें उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजीं झालें, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरांची सबंध वाट मोकळी झाली. तेथें मोटारीला ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. दुसरा रस्ता आपल्या गांवचा आणि शिवारांतला. आपली काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते व भेगाळते; तिच्या पाठीवर अंथरलेल्या डांबरालाहि त्यामुळें लाटा येतात. पांदणीची गोष्ट तर बोलावयासच नको.

अशा वाटेवरून घरचीं पांच माणसें आणि सोयाबीनचीं दोन पोतीं घेऊन गाडी निघाली, कीं तिचें मागलें अंग खालीं बसतें व पोट मातीला घासतें. मग घरांतला एखादा होतकरू मुलगा फोनवर चित्रफिती पाहून ठरवितो कीं, उंच व ताठ स्प्रिंगा बाहेरून मागवावयाच्या आणि रविवारीं अंगणांतच बसवावयाच्या. आमच्या घरीं हा प्रस्ताव पुतण्याच्या मुलाकडून आला, आणि त्या निमित्तानें आम्हांस या विषयांत बरेंच लक्ष घालावें लागलें. अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं नुसतें 'नको' म्हणून भागत नाहीं. कां नको, आणि कोठपर्यंत चालेल, हें सांगतां आलें पाहिजे.

स्प्रिंगचा गुण आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. वैशेषिकांनीं 'संस्कार' या गुणाचे तीन भेद मानिले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वांकविलेली फांदी सोडतांच ज्या गुणानें पूर्वस्थितीस येते तो स्थितिस्थापक. शाळेंतल्या पदार्थविज्ञानाचा 'स्थितिस्थापकता' हा शब्द त्याच घरचा. या गुणाचें माप मात्र इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें सांगितलें. १६७६ सालीं त्यानें आपला नियम अक्षरांची उलथापालथ करून एखाद्या कूटासारखा छापला, आणि १६७८ सालीं तो उकलून दाखविला. भार दुप्पट केला कीं स्प्रिंग दुप्पट दबते, एवढाच त्याचा इत्यर्थ. पुढें लंडनच्या ओबडाया इलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें. आपल्या टांग्याखालचे पोलादी पाटे त्याच कुळांतले. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें त्या अँबॅसडरच्या मागल्या चाकांवरहि पाटेच असत. आजच्या लहान मोटारींत बहुधा चारी चाकांवर वेटोळ्याची स्प्रिंग असते.

या वेटोळ्याचें गणित थोडें फसवें आहे. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढतो. बाकी सर्व तसेंच ठेवून १२ मिलिमीटरांची तार १३ मिलिमीटरांची केली, तर स्प्रिंग सुमारें ३८ टक्के अधिक ताठ होते. हाताला मात्र हा फरक जाणवतहि नाहीं. वेटोळीं कमी केलीं तरी ताठपणा वाढतोच. सहा चालत्या वेटोळ्यांतलें एक कापून टाकलें तर उरलेली स्प्रिंग एक पंचमांशानें ताठ होते. गाडी बसकी दिसावी म्हणून स्प्रिंग कापणारे शौकीन मोठ्या शहरांत आढळतात. त्यांस हें कोणीं सांगितलेलें नसावें, आणि कापलेलें टोंक खोबणींत नीट बसत नाहीं हेंहि त्यांस पुढें कळतें. गाडी उंच राहावी म्हणून वेटोळ्यांत रबराचे ठोकळे कोंबणें हा त्याच्या उलट शौक, पण गणित तेंच. ठोकळ्यानें अडविलेलें वेटोळें कामांतून गेलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, स्प्रिंग धक्का गिळते, परंतु तो लागलीच परतहि देते. ती परतफेड आवरून धरणारें तेलाचें नळकांडें म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर. मिस्त्री लोक त्याला 'शॉकअप' म्हणतात. मऊ स्प्रिंगसाठीं केलेलें नळकांडें ताठ स्प्रिंगला आवरूं शकत नाहीं. पांदणीवर वीसच्या वेगानें हें खपून जातें. समृद्धीवर १२० च्या वेगांत पुलाच्या सांध्यावरून जातांना चाकाची रस्त्यावरची पकड सुटूं लागते, आणि उंचाविलेल्या गाडीचा गुरुत्वमध्यहि वर गेलेला असतो. शेतासाठीं बसविलेली स्प्रिंग महामार्गावर उतरवून ठेवतां येत नाहीं, ही खरी अडचण आहे.

तेव्हां औषधापूर्वीं रोग ठरवावा. टायरांत हवा योग्य भरावी. भरलेल्या गाडीसाठीं मागल्या टायरांत किती हवा हवी याचा आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटविलेला असतो, आणि तो कोणी वाचीत नाहीं. मग रिकामी गाडी सपाट जागीं उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कांठापर्यंत चारी ठिकाणीं मोजावें. डावें-उजवें सारखें भरलें तर एखादें वेटोळें मोडलेलें असण्याचा संभव थोडा. एका बाजूस दीड-दोन बोटें कमी भरलें तर मोडलेलें वेटोळें शोधावें. खोबणींत चिखल साचून शेवटचें वेटोळें गंजतें आणि बहुधा तेथेंच मोडतें. नंतर गाडीचा एकेक कोपरा जोरानें दाबून सोडावा. ती एकदां वर येऊन स्थिरावली तर ठीक. झोपाळ्यासारखी हेलकावत राहिली तर दोष शॉक-अॅब्सॉर्बरचा. आमच्या घरच्या गाडीची अशी परीक्षा केली तेव्हां मापें सारखीं निघालीं, आणि मागले दोन्ही शॉक-अॅब्सॉर्बर तेल गळून कोरडे पडलेले आढळले. मुलाची थोडी निराशा झाली.

भाराविषयींचा एक भ्रम फार पसरलेला आहे. ताठ स्प्रिंग घातली कीं गाडी अधिक ओझें वाहील, असें लोक समजतात. कारखान्यानें भारासह जें कमाल वजन ठरविलें असतें, तें आंस, ब्रेक, टायर आणि सांगाडा या सर्वांचा विचार करून. स्प्रिंग बदलल्यानें ब्रेक मोठे होत नाहींत. उलट मागलें अंग खालीं बसलें म्हणजे ओझें झालें ही जी सूचना गाडी देत असे, तीहि बंद होते.

कायद्याचेंहि पाहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्यानें मूळ दिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा अर्थ कडकपणेंच लाविला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें नियमबाह्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. मूळ मापाची नवी स्प्रिंग बसविणें ही दुरुस्ती होय. उंची बदलणारी स्प्रिंग घेण्यापूर्वीं मात्र वाशीमच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें, व विमा कंपनीसहि कळवावें.

आतां घरच्या कारागिराकडे वळूं. पुष्कळ लहान गाड्यांत मागली स्प्रिंग शॉक-अॅब्सॉर्बरपासून वेगळी, आडव्या तुळईवर नुसती बसलेली असते. हें काम समजूतदार मुलाला घरीं करतां येईल, पण अंगणाच्या मातीवर नव्हे. काळ्या मातींत जॅक तिरपा होऊन रुततो. सिमेंटची किंवा शहाबादी फरशीची पक्की जमीन हवी. पुढल्या चाकांना दोहों बाजूंनीं अडण लावावी, गाडीचा भार लोखंडी तिकाटण्यांवर टेकवावा, जॅकच्या भरंवशावर कोणींहि गाडीखालीं शिरूं नये. दुसरा जॅक तुळईखालीं धरून शॉक-अॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढावे आणि तुळई हळूहळू उतरवावी. ब्रेकच्या रबरी नळीला ताण पडत नाहीं ना, हें दुसऱ्यानें सारखें पाहत राहावें. स्प्रिंग सैल होऊन हातानें निघते. नवी बसवितांना वरचें रबर विसरूं नये, टोंक खोबणीच्या पायरीस लागलें पाहिजे, आणि स्प्रिंगा जोडीनेंच बदलाव्या. रबरी बुशांतून गेलेले बोल्ट मात्र चाकें जमिनीवर टेकून गाडीचा भार पडल्यावरच शेवटचे आवळावे; अधांतरीं आवळले तर बुश पिळलेल्या स्थितींत अडकतो व लवकर फाटतो.

पुढल्या चाकांच्या बाबतींत आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. तेथें बहुतेक गाड्यांत अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरच्या नांवाची रचना असते. १९५० च्या सुमारास इंग्लंडांतील फोर्डच्या कॉन्सल गाडीनें ती लोकांसमोर आणिली. तिच्यांत स्प्रिंग शॉक-अॅब्सॉर्बरवरच, दाबलेल्या स्थितींत, एका नटानें कोंडलेली असते. तो नट काढण्यापूर्वीं स्प्रिंग चापांनीं आणखी दाबून धरावी लागते. समजा, एक मिलिमीटर दबण्यास २ किलोंचा भार लागणारी स्प्रिंग १५ सेंटिमीटर दाबली. तिच्यांत १० किलोंचा धोंडा सव्वादोन मीटरांवरून पडावा एवढी शक्ति सांठते, आणि ती माणसाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर दोन चापांच्या आंकड्यांवर तोललेली असते. चाप निसटला तर तोंड वळविण्यास वेळ मिळत नाहीं. ज्याच्याकडे भिंतीला पक्कें बसविलेलें दाबयंत्र आहे अशा मिस्त्र्याकडे हें काम द्यावें, आणि मागाहून चाकांची दिशा यंत्रावर तपासून घ्यावी.

मागल्या स्प्रिंगा बदलल्यावरहि एक काम उरतें. मागलें अंग उचललें गेलें कीं पुढल्या दिव्यांचा झोत खालीं उतरतो. यासाठीं काम सुरू करण्यापूर्वींच, सायंकाळीं गाडी भिंतीसमोर उभी करून झोताची वरची कड खडूनें आंखून ठेवावी. मागाहून गाडी त्याच जागीं, तेवढ्याच हवेवर आणि रिकामीच उभी केली, म्हणजे दिव्याचा स्क्रू किती फिरवावयाचा तें दिसतें.